मेलेल्या माशांचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं?

(पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.)

१९६७ चा जून महिना. अमेरिकेतलं शिकागो शहर. शाळांना सुट्ट्या लागलेल्या, कडक हिवाळा संपून ऊन पडलेलं, आणि मिशिगन सरोवराच्या काठचे बीच माणसांनी फुलून जायची ही वेळ. त्या वर्षी मात्र बीचवर मासे होते. वीतभर लांबीचे, चंदेरी आणि मेलेले. प्रत्येक लाटेबरोबर नवे येत होते, आधीच्यांवर थर चढत होते, आणि वरून ऊन. वास असा की काठापासून लांब असलेल्या घरांच्यासुद्धा खिडक्या बंद. बुलडोझर आणि लोडर लावून वाळूसकट मासे उचलायचे, ट्रकने न्यायचे, पुरायचे. सकाळी साफ केलेला काठ दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच.

एकट्या शिकागोत नव्हे, सरोवराच्या दक्षिण भागात सगळीकडे हेच चाललं होतं. शहराला पाणी पुरवणाऱ्या केंद्रांच्या आणि कारखान्यांच्या पाणी ओढायच्या तोंडांशी मासे अडकून बसले. हॉटेलं रिकामी पडली. पर्यटनाचं आणि काठावरच्या धंद्यांचं नुकसान सरकारी अहवालाने १० कोटी डॉलरच्या वर धरलं. १९६७ चे १० कोटी डॉलर. एकूण मासे किती मेले याचे अंदाज कोट्यवधींपासून अब्जांपर्यंत गेले.

नदीत मासे मेले की आपल्या डोक्यात पहिला शब्द येतो तो 'प्रदूषण'. बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. कुणीतरी रात्री मळी किंवा रसायन सोडलेलं असतं, पाण्यातला ऑक्सिजन संपलेला असतो. शिकागोतही लोकांना आधी तसंच वाटलं. केंद्र सरकारच्या ज्या खात्याने या प्रकरणाचा अहवाल तयार केला, त्याचं कामच मुळी जलप्रदूषण नियंत्रण हे होतं. पण या वेळी गुन्हेगार एखादा कारखाना नव्हता. या माशांच्या मरणामागचं मुख्य कारण पाण्यात कुणी काही ओतलं हे नव्हतंच. कारणाची सुरुवात शोधायला १३८ वर्षं मागे आणि शेकडो किलोमीटर पूर्वेला जावं लागतं. मला ही गोष्ट सांगावीशी वाटते ती त्यासाठीच.

आधी थोडा भूगोल. उत्तर अमेरिकेतली पाच महासरोवरं म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येतं तसलं तळं नव्हे. एकट्या मिशिगन सरोवराचं क्षेत्रफळ सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाएवढं. खोली काही ठिकाणी २८० मीटर. पलीकडचा काठ दिसत नाही, वादळात जहाजं बुडतात. पाणी गोडं. सुपीरियर, मिशिगन आणि ह्युरॉन या वरच्या तीन सरोवरांचं पाणी इरी सरोवरात येतं, तिथून नायगाऱ्याच्या धबधब्यावरून ओंटारिओ सरोवरात पडतं, आणि मग सेंट लॉरेन्स नदीने अटलांटिक महासागराला मिळतं.

यातला कळीचा मुद्दा नायगारा. जवळजवळ ५० मीटरची ती सरळ उडी म्हणजे एक बंद दरवाजा होता. समुद्रातून नदीमार्गे एखादा मासा ओंटारिओपर्यंत चढून आला तरी तिथे थांबणारच. वरच्या चार सरोवरांमधलं जग या दरवाज्याच्या आड हजारो वर्षं आपापलं घडत गेलं. वर शिकारी म्हणून लेक ट्राउट आणि बरबॉट हे मोठे मासे, खाली सिस्को नावाने ओळखल्या जाणाऱ्या लहान-मध्यम माशांच्या अनेक जाती, आणि काठाकाठाने इथल्या मूळ अनिशिनाबे लोकांची मासेमारी.

हा दरवाजा उघडला १८२९ साली. विल्यम हॅमिल्टन मेरिट हा कॅनडातला एक गिरणीमालक. त्याच्या गिरण्या ओढ्याच्या पाण्यावर चालत आणि उन्हाळ्यात पाणी कमी पडे. वरून पाणी आणायला कालवा काढावा, इथून विचार सुरू झाला, आणि वाढत वाढत तो नायगाऱ्याला वळसा घालून जहाजं नेणाऱ्या कालव्यापर्यंत पोचला. शेजारी न्यूयॉर्क राज्याने १८२५ मध्ये इरी कालवा पूर्ण करून व्यापार आपल्याकडे ओढला होता, ती स्पर्धाही होतीच. वेलँड कालवा झाला. पहिल्या कालव्यात लाकडी दारांच्या ४० पायऱ्या होत्या. पुढे तो पुन्हा पुन्हा रुंद आणि खोल केला गेला, आणि आजचा चौथा कालवा १९३२ मध्ये पूर्ण झाला.

जहाजं चढू लागली. जहाजांना जी वाट मिळाली तीच माशांनाही मिळाली. हे त्या वेळी कुणाच्या हिशेबात नव्हतं, आणि त्याबद्दल मेरिटला आज दोष देण्यात अर्थ नाही. पण पुढचं वाचताना एक लक्षात ठेवा. कालव्याचा फायदा कुणाला झाला आणि त्याचा खर्च कुणाच्या माथी आला, ही माणसं वेगळी आहेत.

आता आपला मासा. त्याचं नाव एलवाइफ. हेरिंगच्या कुळातला, म्हणजे आपल्या तारलीचा आणि बंगाल्यांच्या हिलशाचा लांबचा नातेवाईक. मूळचा अटलांटिकचा. समुद्रात वाढायचं आणि वसंतात अंडी घालायला नद्यांमधून गोड्या पाण्यात यायचं, हा त्याचा क्रम. मोठ्या माशांचं हे खाणं, आणि मच्छीमार तो गळाला आमिष म्हणूनही लावतात. झुंडीने राहतो आणि झपाट्याने वाढतो.

ओंटारिओ सरोवरात त्याची ठळक नोंद १८७३ च्या सुमारास झाली. त्या सरोवरात तेव्हा काय चाललं होतं ते बघण्यासारखं आहे. तिथला मोठा शिकारी मासा अटलांटिक सामन. ओढ्याओढ्यांवर गिरण्यांचे बांध पडले, त्यामुळे त्याच्या अंडी घालायच्या वाटा बंद झाल्या. जंगलं तोडली गेली, ओढे गाळाने भरले, आणि वर बेसुमार मासेमारी. एकोणिसावं शतक संपेपर्यंत ओंटारिओतला हा सामन नामशेष झाला. खाणारा गेला आणि खाल्ला जाणारा उरला. एलवाइफ अफाट वाढला, आणि वसंत-उन्हाळ्यात त्याच्या मेलेल्या माशांच्या राशी ओंटारिओच्या काठाला लागू लागल्या.

म्हणजे शिकागोत १९६७ मध्ये जे घडलं त्याची लहान रंगीत तालीम सात-आठ दशकं आधी शेजारच्याच सरोवरात होऊन गेली होती. लोकांनी पाहिली होती, नोंदवली होती. ती वाचून कालव्याचं काहीतरी करायला हवं, असं धोरण मात्र झालं नाही.

कालव्यातून वर आलेला पहिला मोठा पाहुणा एलवाइफ नव्हता, लॅम्प्रे होता. हा सापासारखा लांबोडका प्राणी. याला जबडा नसतो, गोल चोषक तोंड असतं आणि त्यात दातांची वर्तुळं. मोठ्या माशाच्या अंगाला चिकटायचं, कातडी खरवडायची आणि रक्त प्यायचं. समुद्रातल्या मोठ्या माशांना तो बहुधा झेपतो, सरोवरातल्या ट्राउटला झेपला नाही. १९२१ मध्ये तो इरीत दिसला, १९३६ मध्ये मिशिगनमध्ये, १९३७ मध्ये ह्युरॉनमध्ये आणि १९३८ मध्ये सुपीरियरमध्ये. सतरा वर्षांत सगळी वरची सरोवरं त्याने गाठली.

ट्राउटवर आधीच मासेमारीचा ताण होता. जाळी, इंजिनाच्या बोटी, वाढता बाजार. त्यात हा. पूर्वी वरच्या तीन सरोवरांतून दोन्ही देश मिळून वर्षाला दीड कोटी पौंडांच्या आसपास लेक ट्राउट काढत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तो आकडा तीन लाख पौंडांवर आला. शंभरातले दोन उरले. मिशिगन सरोवरातला तर जवळजवळ पूर्ण संपला. पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर जगलेल्या गावांमध्ये बोटी काठाला लागल्या त्या लागल्याच.

आणि अशा, शिकारी नसलेल्या घरात एलवाइफ शिरला. १९३१ मध्ये इरी, १९३३ मध्ये ह्युरॉन, १९४९ मध्ये मिशिगन, १९५४ मध्ये सुपीरियर. मिशिगनमध्ये पहिला एलवाइफ सापडला तेव्हापासून शिकागोच्या काठावरच्या त्या जूनपर्यंत फक्त १८ वर्षं. एवढ्या काळात सरोवरातल्या एकूण माशांच्या वजनात त्याचा वाटा ८५-९० टक्क्यांवर गेला असं मानलं जातं. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव तोच खाई, आणि इतर माशांची नुकती फुटलेली पिल्लंही. सिस्कोच्या काही जाती याच दशकांत कायमच्या संपल्या. त्याच्याआधी त्यांच्यावर मासेमारीचा आणि लॅम्प्रेचाही मार होता, त्यामुळे एकाच्याच नावावर ते बिल फाडता येत नाही.

मग एवढा यशस्वी मासा मरत का होता?

कारण तो आला खरा, पण या पाण्यासाठी घडलेला नव्हता. समुद्राचं पाणी खारं, त्याचं तापमान सावकाश बदलतं. इथे पाणी गोडं, त्यामुळे शरीरातले क्षार टिकवायला त्याला सतत जास्तीचं काम पडतं. हिवाळ्यात तो खोल पाण्यात उतरतो, पण तिथलंही पाणी तीन-चार अंशांवर. त्या थंडीत त्याची ही क्षार राखायची यंत्रणा आणखी ढेपाळते. हिवाळा संपता संपता तो अशक्त झालेला असतो, अंगातली चरबी खर्च झालेली असते. अशा अवस्थेत वसंतात अंडी घालायला उथळ, कोमट पाण्याकडे झुंडीने निघायचं. आणि या सरोवरांमध्ये वारा फिरला की काठचं कोमट पाणी आत ढकललं जातं आणि तळाचं गार पाणी वर येतं. काही तासांत तापमान कितीतरी अंशांनी घसरतं. अशक्त मासा तो धक्का सोसू शकत नाही.

म्हणून हे मरण दर वर्षी, ठरावीक मोसमात यायचं. १९५० च्या दशकापासून मिशिगनच्या काठाला ते माहीत होतं. मासे थोडे असले की थोडे मरत, कुणी बातमी करत नसे. १९६७ साली एवढंच झालं की संख्या कळसाला पोचलेली होती. मरणाचं कारण जुनंच होतं, पण मरायला शिल्लक राहिलेल्यांची संख्या नवी होती, कारण त्यांना खाणारं सरोवरात कुणी उरलं नव्हतं.

इथे दोन उपाय समोर आले, आणि पुढचं सगळं राजकारण या दोन उपायांमध्ये आहे.

लॅम्प्रेवर काम आधीच सुरू होतं. अमेरिका आणि कॅनडाने १९५४ मध्ये करार केला आणि त्यातून महासरोवरांसाठी संयुक्त मत्स्य आयोग उभा राहिला. लॅम्प्रेची पिल्लं ओढ्यांच्या गाळात काही वर्षं राहतात, तिथेच त्यांना गाठायचं ठरलं. ह्युरॉनकाठच्या एका प्रयोगशाळेत हजारो रसायनं एकेक करून तपासली गेली. लॅम्प्रेची पिल्लं मारणारं आणि योग्य मात्रेत इतर माशांना फारसा धक्का न लावणारं एक रसायन १९५० च्या दशकाच्या शेवटी सापडलं. लॅम्प्रेची संख्या आज तेव्हाच्या मानाने दहाव्या हिश्शाच्याही आत आहे. हे मोठं यश, त्यात शंका नाही. पण ते रसायन आजही ओढ्यांमध्ये ठरल्या वेळापत्रकाने सोडावं लागतं. कोविडमुळे २०२० मध्ये ठरलेल्यापैकी पाव हिस्साच काम होऊ शकलं, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत लॅम्प्रे लगेच वाढलेले दिसले. म्हणजे हा खर्च कधीच संपणारा नाही. १८२९ च्या कालव्याचा हा हप्ता अजून चालू आहे.

दुसरा प्रश्न एलवाइफचा. केंद्राच्या मत्स्य खात्याचं म्हणणं, लेक ट्राउट पुन्हा वाढवा, व्यावसायिक मासेमारी सावरा, आणि एलवाइफ जाळ्याने काढून त्याचं खाद्य बनवा. तसे हजारो टन काढलेही जात होते, मांजरांच्या डब्यांसाठी आणि पशुखाद्यासाठी. त्यात पैसा जेमतेम.

मिशिगन राज्याच्या मत्स्य विभागाचा प्रमुख होता हॉवर्ड टॅनर. १९६४ मध्ये तो पदावर आला आणि त्याने वेगळाच विचार केला. ज्याला बाकीचे कचरा म्हणतायत ते एलवाइफ म्हणजे फुकटचं खाद्य आहे. त्यावर गळाने पकडायला मजा येईल असा मोठा मासा वाढवला तर? लोक बोटी घेतील, गळ घेतील, हॉटेलात राहतील. त्याने पॅसिफिक किनाऱ्यावरच्या ऑरेगन राज्यातून कोहो सामनची अंडी मागवली. १९६६ च्या वसंतात कोहोची लाखो पिल्लं प्लॅट नदी आणि आसपासच्या ओढ्यांमध्ये सोडली. पुढच्या वर्षी चिनूक सामनही.

तारखा जुळवून बघा. जून १९६७ मध्ये काठाला मेलेले मासे. आणि त्याच वर्षीच्या पावसाळी गारठ्यात, सप्टेंबरमध्ये, त्याच सरोवरात मोठमोठे कोहो गळाला लागू लागले. लोक वेडे झाले. महामार्गांवर बोटींच्या रांगा. ज्यांनी कधी एवढं पाणी पाहिलं नाही ते लहान होड्या घेऊन आत गेले. २३ सप्टेंबरला अचानक वादळ आलं आणि किमान सात जण बुडून मेले. तरी गर्दी हटली नाही.

टॅनरचा उपाय चालला, हे मान्य करायलाच हवं. सामनने एलवाइफ खाल्ले, १९७०-८० च्या दशकांत त्यांची संख्या उतरली, काठावरच्या राशी कमी होत गेल्या. मरणपंथाला लागलेल्या बंदरगावांमध्ये पैसा आला. सरकारी अधिकाऱ्याने धाडस केलं आणि ते फळलं, अशी उदाहरणं कुठेच फार नसतात.

पण त्या निर्णयात आणखी एक निर्णय लपलेला होता. सरोवर कुणाचं? गळ टाकून रविवार घालवणाऱ्याचं, की जाळं टाकून पोट भरणाऱ्याचं? मिशिगन राज्याने उत्तर दिलं, पहिल्याचं. व्यावसायिक मच्छीमारांवर एकामागून एक बंधनं आली, त्यांची जाळी बंद झाली, परवाने कमी झाले. लॅम्प्रेतून कसेबसे वाचलेले बरेच जण धोरणात गेले.

आणि ज्यांचं सरोवर सगळ्यात आधी होतं, त्या ओटावा आणि चिपेवा लोकांना तर कुणी विचारलंच नव्हतं. १८३६ च्या तहात त्यांनी जमीन दिली होती, पण मासेमारीचा हक्क सोडला नव्हता. राज्य सरकार त्यांना दंड करत होतं, जाळी जप्त करत होतं. शेवटी प्रकरण केंद्रीय न्यायालयात गेलं आणि १९७९ मध्ये न्यायाधीश नोएल फॉक्स यांनी निकाल दिला की तहातला हक्क शाबूत आहे, राज्य सरकारला तो काढून घेता येणार नाही. त्यानंतर बोटी उतरवायच्या धक्क्यांवर शिवीगाळ, धमक्या, जाळी कापणं हे सगळं झालं. गळवाल्यांचं म्हणणं, आमच्या परवान्याच्या पैशाने वाढवलेले मासे हे घेऊन जातात. अनिशिनाबे लोकांचं म्हणणं, आमचे मासे तुमच्या कालव्याने मारले, त्याचं काय? दुसऱ्या प्रश्नाला माझ्या माहितीत अजून कुणी सरळ उत्तर दिलेलं नाही.

गोष्ट इथे संपली असती तरी पुरेशी होती. पण दरवाजा उघडाच होता.

१९५९ मध्ये सेंट लॉरेन्स जलमार्ग मोठा झाला आणि समुद्रातली मोठी जहाजं थेट शिकागोपर्यंत येऊ लागली. रिकामं जहाज स्थिर राहावं म्हणून तळाच्या टाक्यांत पाणी भरतात. एका बंदरात भरायचं, दुसऱ्या बंदरात सोडायचं. त्या पाण्यातून काळ्या समुद्राच्या बाजूचे नखाएवढे शिंपले आले. झीब्रा शिंपले १९८८ मध्ये सापडले, त्यांचे भाऊबंद क्वागा त्यानंतर लगेच. क्वागांनी सरोवरांचे तळ झाकून टाकले. हे शिंपले पाणी गाळून त्यातलं सूक्ष्म अन्न खातात. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसू लागलं. पर्यटकांना ते आवडलं. पण ती स्वच्छता म्हणजे उपासमार होती, कारण लहान माशांचं अन्नच गेलं.

२००३-०४ मध्ये ह्युरॉन सरोवरातला एलवाइफ कोसळला. खालून अन्न नाही, वरून सामन खातोय, त्यात एक कडक हिवाळा. त्याच्यामागोमाग चिनूक सामन गेला आणि सामनवर उभी राहिलेली गावं पुन्हा ओस पडली. गंमत अशी की एलवाइफ गेल्याबरोबर ह्युरॉनमध्ये मूळचे मासे सावरू लागले. लेक ट्राउटची नैसर्गिक पैदास वाढली, सॅगिनॉ उपसागरात वॉलाय नावाचा स्थानिक मासा पुन्हा भरपूर झाला.

आणि मिशिगन सरोवर? तिथे २०१३ मध्ये अधिकाऱ्यांनी चिनूकची पिल्लं सोडण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्याने कमी केलं. कारण काय, तर एलवाइफ फार कमी उरलेत, ते संपू नयेत म्हणून. जो मासा १९६७ मध्ये बुलडोझरने पुरला, त्याच माशाला ४६ वर्षांनी वाचवायची बैठक. यात कुणी मूर्ख नव्हतं. एवढंच की मधल्या काळात त्या माशावर अब्जावधी डॉलरची उलाढाल उभी राहिली होती. आज तिथे ट्राउटप्रेमी आणि सामनप्रेमी असे दोन गट आहेत, आणि अनिशिनाबे लोकांच्या जाळ्यातला व्हाइटफिश शिंपल्यांपायी आटत चाललाय.

या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक कंटाळवाणी गोष्ट, जिचा फोटो कुणी काढला नाही. २००६ ते २००८ च्या दरम्यान अमेरिका आणि कॅनडाने नियम केला की जलमार्गात शिरण्याआधी जहाजांनी आपल्या टाक्या भर समुद्रात खाऱ्या पाण्याने धुवून काढायच्या, आणि तसं केलंय का ते तपासायला सुरुवात केली. त्यानंतर जहाजांच्या पाण्यातून नव्या जाती येणं जवळजवळ थांबलं. याला बुलडोझर लागला नाही, हॅचरी लागली नाही. पण तो नियम झीब्रा शिंपल्यांनंतर १८ वर्षांनी आला, लॅम्प्रेनंतर ८५ वर्षांनी. कारण दरवाज्यावरच्या कडीचा खर्च जहाज कंपन्यांना दिसतो आणि त्या बैठकीत हजर असतात. उघड्या दरवाज्याचा खर्च मच्छीमाराला, पाणीपट्टी भरणाऱ्याला, वाळू साफ करणाऱ्या कामगाराला पडतो, आणि तो त्या बैठकीत नसतो.

आपल्याकडे हे प्रश्न नाहीत असं समजायचं कारण नाही. तिलापिया भारतात १९५२ मध्ये आणला गेला, आज उजनीच्या काठी 'चिलापी' हाच लोकांचा रोजचा मासा झालाय. आफ्रिकन मांगूर पाळायला देशात २००० पासून बंदी आहे, तरी तळी उद्ध्वस्त केल्याच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. आपली नदी म्हणजे मिशिगन नव्हे, आणि आपल्याकडे मासे मरतात ते बहुतेकदा सांडपाण्यानेच, त्यामुळे कारखान्यांना सूट द्यायचा माझा अजिबात विचार नाही. पण चिलापीवर आज ज्यांची चूल पेटते त्यांना 'हा परका मासा, काढून टाका' असं पुण्या-मुंबईत बसून सांगता येत नाही. मिशिगनच्या एलवाइफसारखंच. एकदा आत आलेल्यावर माणसं पोट भरायला लागली की प्रश्न माशांचा राहत नाही.

म्हणून पुढच्या वेळी कुठे मासे मेल्याची बातमी आली, तर काठ किती दिवसांत साफ झाला एवढंच विचारून थांबू नका. यांना खाणारे कुठे गेले, हे इथे आले कसे, आणि ज्या निर्णयामुळे आले त्याचा फायदा कुणाला झाला, हेही विचारा. शिकागोत १९६७ साली काठ साफ करायला पैसे होते, यंत्रं होती, अधिकारी होते. ते काम त्यांनी केलं. वेलँड कालवा त्या उन्हाळ्यातही रोज जहाजं चढवत होता.

तुमच्या भागातल्या नदीत किंवा धरणात कुठला नवा मासा आला आणि कुठला जुना दिसेनासा झाला, हे जुन्या कोळ्यांकडून, भोयांकडून ऐकलं असेल तर खाली जरूर लिहा. अशा नोंदी कुठल्या सरकारी फाईलमध्ये सापडत नाहीत.